बैल मोजणारा सेनापती

90,000 पौंड खारवलेलं मांस, पिंपांत भरलेलं, एका पिंपात 54 पौंड. तेवढ्याच वजनाची बिस्किटं, गोल टोपल्यांत, एका टोपलीत 60 पौंड, वरून मेणकापड. 10,000 गॅलन अरक, 6 गॅलनच्या लहान पिंपांत, पिंपांना लोखंडी पट्ट्या आवळलेल्या. 1802 साल संपत आलं असताना म्हैसूरच्या मुलखातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने ही मागणी लिहून पाठवली. तेव्हा मराठ्यांशी युद्ध सुरू झालेलं नव्हतं. पुण्यावर कूच करायचं की नाही हेही ठरायचं होतं. मागणी करणारा मेजर जनरल होता 33 वर्षांचा आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 साली वॉटर्लूच्या मैदानावर त्याने नेपोलियनला हरवलं.

या मागणीचा हिशेब करून पाहावा. मांसाची पिंपं होतात 1,667. बिस्किटांच्या टोपल्या 1,500. अरकाची पिंपं पुन्हा 1,667. एका बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक नग लादला, तर हा माल हलवायला 2,400 च्या वर बैल लागतात. आणि हे सगळं फक्त गोऱ्या शिपायांच्या खाण्यापिण्याचं. देशी शिपायांचा तांदूळ, घोड्यांचे हरभरे, दारूगोळा, तंबू आणि दवाखाना यांचा बोजा वेगळाच. 54 आणि 60 हे आकडे पाहिले की ते लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर बैलाची पाठ होती हे समजतं. दोन नगांचं ओझं बैलाला पेलेल एवढंच त्याने प्रत्येक नगाचं वजन ठेवलं होतं.

मराठी माणसाला हा वेलस्ली ठाऊक आहे तो असईच्या लढाईमुळे. साडेचार हजारांनी पन्नास हजारांना हरवलं, असं ते वाक्य असतं आणि ऐकणारा थक्क होतो. त्या आकड्यात खरं किती, हे समजायचं तर आधी या माणसाची पहिली 34 वर्षं पाहिली पाहिजेत.

साडेसहा वर्षांत कर्नलाच्या उंबरठ्यावर

वेलस्लीचा जन्म 1769 साली डब्लिनमध्ये, अर्ल ऑफ मॉर्निंग्टनच्या घरात झाला. नेपोलियनचाही जन्म त्याच वर्षीचा. आर्थर 12 वर्षांचा असताना वडील वारले आणि घरावर कर्ज राहिलं. ईटनच्या शाळेत तीन वर्षं गेली, पण कोणत्याच विषयात नाव झालं नाही. मग काही काळ ब्रसेल्स, आणि 1786 मध्ये फ्रान्समधल्या आँजे इथल्या घोडेस्वारीच्या विद्यालयात वर्षभर. त्याला व्हायोलिन उत्तम येत असे. घरच्यांना त्याच्याविषयी फारशा आशा नव्हत्या. थोरला भाऊ रिचर्ड याने शब्द टाकला आणि 7 मार्च 1787 रोजी आर्थरला 73 व्या पलटणीत एन्साइनची जागा मिळाली.

ब्रिटिश सैन्यात त्या काळी हुद्दे विकत मिळत. पायदळातले सरकारी भाव ठरलेले होते: एन्साइन 400 पौंड, लेफ्टनंट 550, कॅप्टन 1,500, मेजर 2,600 आणि लेफ्टनंट कर्नल 3,500. भावाच्या पैशावर आणि ओळखीवर वेलस्ली ही शिडी भराभर चढला. एकामागून एक सात पलटणींच्या यादीत त्याचं नाव लागलं. 30 सप्टेंबर 1793 रोजी, वयाच्या 24 व्या वर्षी, तो 33 व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. पहिल्या जागेपासून इथवर यायला साडेसहा वर्षं लागली, आणि या काळात त्याने एकही लढाई पाहिली नव्हती. त्याच वर्षी त्याने आपली व्हायोलिनं जाळून टाकली आणि तो पूर्णवेळ शिपाईगिरीला लागला.

पण याच माणसाची त्या सुरुवातीच्या दिवसांतली एक आठवण त्याच्या स्वभावाची चुणूक देते. म्हातारपणी त्याने ती मित्राला सांगितली होती. सैन्यात दाखल होताच त्याने एका साध्या शिपायाचं वजन करवलं, आधी नुसत्या कपड्यांवर आणि मग कूच करतानाच्या सगळ्या सरंजामासह. माणूस किती ओझं वाहतो हे कळल्याशिवाय त्याला किती चालवायचं हे कसं ठरवणार, असा त्यामागचा विचार होता. हुद्दा पैशाने मिळाला हे खरं; ही दृष्टी मात्र विकत मिळत नव्हती.

1794 मध्ये त्याने पहिली मोहीम पाहिली, नेदरलंडच्या बाजूला. सप्टेंबरात बॉक्सटेलला पहिली चकमक झाली, आणि मग कडाक्याच्या हिवाळ्यात उपासमारीने व आजाराने खंगत गेलेली माघार. लढाईत पडलेल्यांपेक्षा थंडीने आणि भुकेने गेलेले शिपाई अधिक होते. मोहीम कशी करू नये हे आपण तिथे शिकलो, असं तो पुढे म्हणत असे.

1796 च्या उन्हाळ्यात तो हिंदुस्थानच्या वाटेला लागला. प्रवासात वाचायला त्याने पन्नासाहून अधिक पौंडांची पुस्तकं घेतली, त्यांत हिंदुस्थानचा इतिहास, भूगोल, भाषा आणि युद्धशास्त्र होतं. आठ महिन्यांच्या प्रवासानंतर 17 फेब्रुवारी 1797 रोजी तो कलकत्त्याला उतरला. पुढच्याच वर्षी भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल म्हणून आला. धाकट्याला संधी मिळत गेल्या त्या या नात्यामुळे, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या संधींचं त्याने काय केलं, ते मात्र त्याचं स्वतःचं होतं.

पाच पौंड आणि चार हजार पौंड

4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपू सुलतान लढता लढता मारला गेला. लुटीची एकूण किंमत 11 लाख पौंडांच्या वर गेली. वाटणी हुद्द्याप्रमाणे झाली. कर्नल वेलस्लीच्या वाट्याला आले सुमारे 4,000 पौंड. गोऱ्या शिपायाच्या हाती साधारण 7 पौंड पडले आणि देशी शिपायाच्या हाती साधारण 5. एकाच वेढ्यात लढलेल्या माणसांमधलं हे अंतर 800 पटींचं आहे.

वेलस्ली श्रीरंगपट्टणचा कारभारी झाला आणि तिथे त्याच्या हाती एक अमूल्य ठेवा आला: म्हैसूरच्या राजांनी आणि हैदर-टिपूंनी जोपासलेले अमृतमहाल जातीचे बैल. अंगाने सडपातळ, चालायला चपळ, तोफा ओढूनही न थकणारे. कंपनीच्या फौजा तोवर बैलांच्या चालीने रखडत चालत. चांगले बैल मिळाले की फौजेची चाल बदलते, हे वेलस्लीने ओळखलं. बैलांची निगा, त्यांचा चारा, त्यांच्या गाडीवानांचा पगार, मेलेल्या बैलांची नोंद, यावर त्याने पानंच्या पानं पत्रं लिहिली आहेत. पुढे स्पेन-पोर्तुगालमध्ये लढताना त्याला या बैलांची उणीव भासली.

1800 साली त्याने धोंडजी वाघ या लुटारू सरदाराचा पाठलाग केला. धोंडजीने 30 जून रोजी मराठा सरदार धोंडोपंत गोखले यांना ठार केलं होतं. त्यांचे पुतणे बापू गोखले या मोहिमेत इंग्रजांच्या सोबत होते. मलप्रभा, घटप्रभा, तुंगभद्रा अशा नद्यांच्या खोऱ्यांतून, ऐन पावसाळ्यात, दोन महिन्यांहून अधिक काळ ही धावपळ चालली. 10 सप्टेंबर 1800 रोजी कोनगल इथे सुमारे 5,000 स्वारांसमोर वेलस्लीने घोडदळाच्या चार पलटणी एकाच रांगेत उभ्या केल्या आणि हल्ला चढवला. धोंडजी पडला. त्याचा लहानगा मुलगा सामानात सापडला, त्याला वेलस्लीने आपल्या सांभाळात घेतलं.

या पाठलागात त्याच्या पदरी पडलेली मोठी गोष्ट म्हणजे दक्षिणेकडच्या मराठी मुलखातल्या वाटांची माहिती. कोणती नदी कधी भरते, कुठे उतार आहे, कोणत्या गावात धान्य मिळतं, लमाणांचे तांडे कोणत्या अटीवर येतात, हे सगळं त्याच्या वहीत जमा झालं. तीन वर्षांनी त्याच वाटांनी तो वर चढला.

चालतं शहर

25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. पेशवा दुसरा बाजीराव पळाला आणि 31 डिसेंबर 1802 रोजी त्याने इंग्रजांशी वसईचा तह केला. कंपनीच्या सहा पलटणी कायम बाळगायच्या आणि त्यांच्या खर्चासाठी वर्षाला 26 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. या एका कलमाने पुढच्या 15 वर्षांचा निकाल लागला.

बाजीरावाला पुन्हा पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी वेलस्ली 9 मार्च 1803 रोजी हरिहरहून निघाला. 42 दिवसांनी, 20 एप्रिलला, तो पुण्यात होता. वाटेत पटवर्धनांचा मुलूख लागला, पटवर्धन आणि गोखले सरदार सोबत आले आणि अकलूजला कर्नल स्टीव्हन्सनच्या हैदराबादकडच्या फौजेशी गाठ पडली. पुणं जाळलं जाणार अशी बातमी आल्यावर त्याने पायदळ मागे ठेवलं आणि घोडदळ घेऊन दौड मारली. 19 तारखेच्या सकाळी 7 पासून 20 तारखेच्या दुपारी 3 पर्यंत, 32 तासांत 60 मैल. रहिमतपूरहून सांगलीला जायला पडतं साधारण तेवढं हे अंतर, आणि त्यातले सहा तास एका घाटात अडकण्यात गेले होते.

सातारा जिल्ह्यातलं रहिमतपूर वेलस्लीच्या वाटेपासून पश्चिमेला राहिलं. पण त्या फौजेचा आकार समजून घ्यायला हे गाव मोजमाप म्हणून घेण्यासारखं आहे, कारण ते सैन्याच्या पोटापाण्याशी अपरिचित नाही. मान्यांचं रहिमतपूर म्हणून ते मराठी इतिहासात येतं. आदिलशाहीतला सेनापती रणदुल्लाखान याच्या नावाने सांगितला जाणारा मकबरा इथे आहे आणि हत्तीच्या बळाने पाणी वर चढवण्यासाठी बांधलेला उंच मनोराही आहे. मोठ्या जमावाचा तळ पडला की आधी पाणी वर चढवावं लागतं, हे या गावाने वेलस्लीच्या दीडशे वर्षं आधी पाहिलेलं आहे.

आज रहिमतपूरची वस्ती सतरा हजारांच्या आसपास धरू. 1803 च्या पावसाळ्यात वेलस्लीच्या हाताखाली लढणारे होते सुमारे 13,500. त्या काळच्या छावणीत एका लढवय्यामागे दोन-तीन बाजारबुणगे सहज असत: गाडीवान, भिस्ती, मोतद्दार, गवत कापणारे, डोलीवाले, बाजारकरी, बायका आणि मुलं. म्हणजे चाळीस ते पन्नास हजार माणसं. जवळजवळ तीन रहिमतपुरं आपली घरं, बाजार आणि दवाखाना घेऊन रोज सकाळी उठून चालू लागत आणि दुपारी नव्या माळावर वसत.

आता यांचं पोट. फक्त लढणाऱ्यांना दिवसाला शेरभर, म्हणजे 900 ग्रॅमच्या आसपास धान्य धरलं, तरी रोज बारा टनांच्या वर धान्य लागतं. एक बैल 70 किलो वाहतो असं धरलं, तर एका दिवसाच्या अन्नाला सुमारे 175 बैल आणि महिन्याच्या शिध्याला 5,000 च्या वर बैल लागतात. त्या बैलांनाही चारा हवा. बाजारबुणगे धरले की हा आकडा तिपटी-चौपटीवर जातो. एवढं धान्य वाटेतल्या गावांतून जबरदस्तीने उचललं तर गावं ओस पडतात आणि परतीच्या वाटेवर मूठभर दाणाही मिळत नाही. म्हणून वेलस्लीचा दंडक कडक होता: धान्याचे पैसे द्यायचे, लूट करणाऱ्याला शिक्षा करायची, लमाणांना बाजारभावाने मोबदला द्यायचा. त्यात दयेपेक्षा हिशेब अधिक होता, आणि तो हिशेब बरोबर ठरला.

श्रावणात काढलेली मोहीम

मराठी फौजांचं वर्ष दसऱ्याला सुरू व्हायचं. पाऊस ओसरायचा, नद्या उतरायच्या, पिकं उभी असायची आणि मग सीमोल्लंघन. वेलस्लीने हे वेळापत्रक उलटं वाचलं. नद्या भरलेल्या असताना हलक्या मराठी घोडदळाची दौड थांबते. ज्याच्याकडे नदी ओलांडायचं साधन आहे त्याच्या बाजूने पावसाळा लढतो. त्याने कातड्याने मढवलेल्या टोपल्यांच्या होड्या तयार करवून घेतल्या होत्या.

6 ऑगस्ट 1803 रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याविरुद्ध युद्ध पुकारलं गेलं, तेव्हा श्रावण चालू होता. 8 ऑगस्टला अहमदनगरच्या पेठेवर शिड्या लागल्या, 12 ऑगस्टला किल्ला हाती आला. पुणं आणि गोदावरी यांच्या मध्ये धान्याचं कोठार मिळालं. ऑगस्ट सरता सरता, भरल्या गोदावरीतून, टोपल्यांच्या होड्यांनी फौज पलीकडे गेली.

या युद्धातल्या माणसांची वयं पाहिली की आश्चर्य वाटतं. दौलतराव शिंदे 24 च्या घरात. बाजीराव 28. यशवंतराव होळकर तिशीच्या आत. वेलस्लीच्या तंबूत राजकीय पत्रव्यवहार सांभाळणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन 23. वेलस्ली 34 वर्षांचा, म्हणजे या मंडळींत वडीलधारा म्हणावा असा. हिंदुस्थानच्या पुढच्या शतकाचा निर्णय या तरुणांच्या हातांत होता.

तीन तास

21 सप्टेंबरला बदनापूरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन भेटले आणि दोन वाटांनी निघाले. 24 तारखेला मिळून हल्ला करायचा असं ठरलं होतं. 23 तारखेला सकाळची मजल संपवल्यावर वेलस्लीला कळलं की शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज अगदी जवळ आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, असई गावाच्या बाजूला, तिचा तळ पसरला होता. स्टीव्हन्सन एक दिवस लांब होता. वेलस्लीने थांबायचं नाही असं ठरवलं.

नदीला उतार नाही, असं वाटाडे सांगत होते. वेलस्लीला पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसली. एवढ्या जवळच्या दोन गावांत येण्याजाण्याची वाट असणारच, असा त्याने तर्क केला. उतार तिथेच निघाला. गावं कशी वसतात हे सहा वर्षं पाहत आलेल्या माणसाचा तो तर्क होता.

दुपारी तीनच्या सुमारास लढाईला तोंड लागलं, सहाच्या सुमारास ती संपली. कंपनीच्या बाजूला लढाईत उतरलेले कवायती शिपाई सुमारे 4,500 होते. दोन गोऱ्या पायदळ पलटणी, एक गोरी घोडदळ पलटण, बाकीच्या मद्रासी पायदळाच्या आणि घोडदळाच्या. त्या दिवशी ते सुमारे 24 मैल चालले होते. समोर शंभराच्या आसपास तोफा.

428 ठार, 1,138 जखमी, 18 बेपत्ता. एकूण 1,584. म्हणजे तीन माणसांत एकाहून अधिक पडला. तीन तासांच्या हिशेबाने मिनिटाला जवळजवळ नऊ. 74 व्या पलटणीचे 10 अधिकारी ठार आणि 7 जखमी झाले, तिचे 124 शिपाई ठार आणि 270 जखमी झाले. वेलस्लीचा एक घोडा गोळीने पडला, दुसऱ्याला भाला लागला. वॉटर्लूला त्याच्या हाताखाली सुमारे 68,000 माणसं होती आणि त्यांतली चौथ्या हिश्श्याच्या आसपास कामी आली. असईचं प्रमाण त्याहून भारी होतं. सगळी कारकीर्द संपल्यावर, आपण रणात केलेलं सर्वांत चांगलं काम कोणतं या प्रश्नाला त्याने असई हेच उत्तर दिलं.

शिंद्यांकडच्या गोलंदाजांचं नाव इथे आदराने घेतलं पाहिजे. तोफा जिंकल्या गेल्या तरी त्यांच्यातले कित्येक मेल्यासारखे पडून राहिले, इंग्रज पलटणी पुढे सरकताच उठले आणि त्याच तोफांची तोंडं फिरवून त्यांनी पाठीमागून मारा केला. 98 तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्या इतक्या उत्तम होत्या की आपल्या सैन्यात वापरायला योग्य आहेत असं वेलस्लीने कळवलं. उत्तर हिंदुस्थानातल्या कारखान्यांत, देशी कारागिरांच्या हातांनी ओतलेल्या तोफा होत्या त्या.

पंचांगाने मोजलं तर हे घडलं ते नवरात्रात, दसरा तोंडावर आलेला असताना. सीमोल्लंघनाच्या मुहूर्ताआधीच अर्ध्या युद्धाचा निकाल लागला होता. 29 नोव्हेंबरला आडगाव, 15 डिसेंबरला गाविलगड, 17 डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह, 30 डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह. युद्ध पुकारल्यापासून शेवटच्या तहापर्यंत 146 दिवस.

पन्नास हजारांचं काय?

आता त्या प्रसिद्ध वाक्याकडे. मराठी बाजूला पन्नास हजार किंवा त्याहून अधिक माणसं होती हे खरं. पण त्यांत 30 ते 40 हजार बिनकवायती घोडेस्वार होते आणि ते लढाईत जवळजवळ उतरलेच नाहीत. खरी झुंज दिली ती पोलमन, सालूर आणि ड्युपाँ या युरोपियन अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या सुमारे 10,800 कवायती पायदळाने आणि गोलंदाजांनी. सालूरकडच्या पलटणी शिंद्यांच्या पक्षातल्या बेगम समरूच्या होत्या. खुद्द शिंदे आणि भोसले रणात टिकून राहिले नाहीत. शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना कंपनीने आधीच जाहीरनामा काढून फोडलं होतं. होळकर या युद्धात तेव्हा उतरलेच नव्हते, आणि पेशवा तर इंग्रजांच्या बाजूला होता. वेलस्लीकडेही म्हैसूरचे आणि पेशव्यांचे मिळून सुमारे 5,000 स्वार होते. त्यांत मराठी घोडेस्वारही होते.

म्हणजे 4,500 विरुद्ध 50,000 हे वाक्य दोन्ही बाजूंनी चुकतं. ते इंग्रजांना अद्भुत ठरवतं आणि मराठ्यांना नामर्द. खरा हिशेब वेगळा आहे. एकीकडे एका माणसाच्या हुकमात चालणारी, महिनोन्‌महिने आधी पिंपं आणि टोपल्या मोजून ठेवलेली फौज होती. दुसरीकडे शूर पायदळ आणि पहिल्या प्रतीच्या तोफा होत्या, पण त्यांच्यामागे एकमत नव्हतं, एक कोठार नव्हतं आणि एक धनी नव्हता. आपण हरलो ते इथे. गोलंदाजांनी आपलं काम चोख केलं होतं.

न मोजलेली माणसं

वेलस्लीच्या वह्यांत बैल आहेत, पिंपं आहेत, टोपल्यांवरचं मेणकापड आहे. कंपनीचे मेलेले शिपाई एकेक करून मोजलेले आहेत. शिंद्यांच्या बाजूचे मेलेले आणि जखमी मात्र सुमारे 6,000 असे गोळाबेरजेने येतात. त्यांची यादी नाही. बाजारबुणग्यांत किती मेले, त्याचीही नाही. त्या पावसाळ्यात नांगर सोडून गाडी हाकायला गेलेला शेतकरी परत आला का, हे कोणीच लिहून ठेवलेलं नाही.

आणि मग भूक आली. 1803-04 चा दुष्काळ दख्खनच्या भयंकर दुष्काळांपैकी एक आहे. पाऊस कमी पडला होताच, त्यात होळकर-शिंद्यांच्या फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी आधीच मुलूख उजाड केला होता. पुणं आणि अहमदनगर भागांत गावंच्या गावं ओस पडली. अहमदनगरला भुकेल्यांना कामावर लावून धान्य देण्याची व्यवस्था वेलस्लीने केली, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. पण इतकी माणसं, इतके बैल आणि इतके घोडे एकाच पठारावरून वर्षभर फिरत राहिले, तर तिथे पेरायला काय उरणार, हाही हिशेबच आहे.

10 मार्च 1805 रोजी वेलस्ली हिंदुस्थान सोडून गेला. आला तेव्हा भावाचा कर्जदार होता, जाताना त्याच्यापाशी सुमारे 42,000 पौंड होते. त्याच्या तंबूतला एल्फिन्स्टन हिंदुस्थानातच राहिला आणि पुढे पुण्याचा रेसिडेंट झाला. बापू गोखले, जे 1800 आणि 1803 मध्ये वेलस्लीच्या सोबत लढले होते, ते 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीला इंग्रजांविरुद्ध उभे राहिले आणि 20 फेब्रुवारी 1818 रोजी आष्टीला लढत पडले. त्याच्या दहा दिवस आधी साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला होता, आणि पेशवाई संपल्याचा जाहीरनामा साताऱ्यातून काढला तो एल्फिन्स्टननेच. रहिमतपूरचा मुलूख त्या जाहीरनाम्याच्या छायेत आला. असईपासून साताऱ्यापर्यंत जवळजवळ साडेचौदा वर्षं लागली.

शिक्षकांना आणि पालकांना एक सांगणं आहे. मुलांना ही लढाई शिकवाल तेव्हा 4,500 आणि 50,000 हे दोन आकडे फळ्यावर लिहून थांबू नका. शिपायाला रोज किती धान्य लागतं, ते कोण वाहतं, किती बैल लागतात, ते कोणाच्या गोठ्यातून आले, हे त्यांना मोजायला लावा. 4,000 पौंड आणि 5 पौंड शेजारी शेजारी लिहा. शक्य असेल तर जालना जिल्ह्यात भोकरदनच्या बाजूला असईला जा, केळणेचा काठ मुलांना दाखवा, आणि ज्यांची यादी कोणी केली नाही त्या सहा हजारांविषयी त्यांना सांगा. वेलस्लीची मोजणी इंग्रजांनी जपून ठेवली आहे. आपल्या माणसांची मोजणी आपणच करायला हवी.